कोच गोड बोलू लागले

साकिब परकारचा आवाज मोठा होता. आखातातल्या अर्दिया भागात, त्याच्या गोदामात ट्रक मागे घेताना ड्रायव्हर आरशात बघत नसत, साकिबच्या आवाजावर विसंबत. त्याने "बस" म्हटलं की चाकं जागच्या जागी थांबत. शुक्रवारी दुपारची नमाज झाली, जेवण झालं, की हाच आवाज घेऊन तो जवळच्या भाड्याच्या मैदानावर जाई. तिथे त्याची मुलं असत. त्याला स्वतःला मूलबाळ नव्हतं, पण या दहा-बारा जणांना तो माझी मुलं असंच म्हणे. संघाचं नाव मुलांनीच ठेवलं होतं, सँड शार्क्स.

खेळ अमेरिकन फुटबॉलचा, मात्र मुलांसाठी सौम्य केलेला. चेंडू तोच, अंड्यासारखा लांबट. एका बाजूला पाच जण, आणि कुणी कुणाला पाडायचं नाही. प्रत्येकाच्या कमरेला बेल्ट, त्याला दोन्ही बाजूंना एकेक कापडी पट्टी. पट्टी ओढली गेली की पळणारा तिथेच थांबला. ती न ओढू देता चेंडू समोरच्यांच्या शेवटच्या रेषेपार नेला की टचडाउन, म्हणजे गुण. चेंडू फेकणारा एक जण असतो, त्याला क्वार्टरबॅक म्हणतात, आणि सगळा डाव त्याच्या हातात. सँड शार्क्समध्ये हे काम अदिबा करायची. अकरा वर्षांची, किडकिडीत, पण तिच्या हातातून चेंडू सुटला की बाणासारखा सरळ जाई.

साकिबला या खेळाचं वेड लागलं ते तरुणपणी. तेव्हा तो अमेरिकन लोकांच्या एका छावणीत, जेवणघरात कामाला होता. तिथल्या टीव्हीवर तिकडच्या व्यावसायिक संघांचे सामने चालत. वाढपाचं काम करता करता त्याने नियम शिकून घेतले, आणि एका कोचला गुरू मानलं. तो कोच म्हणजे जाड मानेचा, शिजलेल्या कुर्लीसारखा लाल तोंडाचा माणूस. खेळाडू चुकला की तो कानावरचा हेडफोन काढून जमिनीवर आपटे आणि खेळाडूच्या नाकाला नाक लावून ओरडे. आणि त्याचा संघ जिंके. साकिबने त्यातून जो धडा घ्यायचा तो घेतला. त्याच्याकडे हेडफोन नव्हता, म्हणून तो टोपी आपटायचा.

मागच्या शुक्रवारी ती टोपी जरा जास्तच जोरात आपटली गेली. अदिबाने फेकलेला चेंडू नेमका समोरच्या संघाच्या मुलाने झेलला आणि सामना गेला. सगळ्या आयाबापांसमोर साकिबने तिला विचारलं होतं की तिचे डोळे उघडे होते की ती झोपेत खेळत होती. अदिबा रडली नाही. तिने बेल्ट सोडला, पट्ट्या नीट गुंडाळल्या, बाकावर ठेवल्या आणि वडिलांच्या पिकअपमध्ये जाऊन बसली.

तिचे वडील अशरफभाई यांची जहऱ्यात बेकरी होती. त्यांनी साकिबच्या खांद्यावर हात ठेवून सांगितलं की बरं केलंस, कान उपटल्याशिवाय पोरं शिकत नाहीत. साकिबला त्या वेळी ते ऐकून बरं वाटलं. पण रविवारी निरोप आला की अदिबा येणार नाही म्हणते, तुझं तू काहीतरी बघ. येत्या शुक्रवारी महत्त्वाचा सामना होता, जिंकला तर शेवटच्या चार संघांत जागा. खरं सांगायचं तर साकिबला जागेची तेवढी काळजी नव्हती. बाकावर गुंडाळून ठेवलेला तो बेल्ट त्याच्या डोळ्यांसमोरून हलत नव्हता.

रात्री जेवताना त्याने बायकोला, रबियाला, मोबाइलवर आपल्या गुरूची चित्रफीत दाखवली. बघ, म्हणाला, ओरडल्याशिवाय मोठे खेळाडू घडत नाहीत.

रबियाने भाकरीचा तुकडा मोडता मोडता ती शांतपणे बघितली. मग दुसऱ्या संघाच्या कोचकडे बोट दाखवलं. तो चुकलेल्या खेळाडूच्या गळ्यात हात टाकून काहीतरी समजावत होता.

"हा पण जिंकतोच की," ती म्हणाली.

"कधीकधी."

"आणि तो लाल तोंडाचा ओरडतो ना, तो ज्याच्यावर ओरडतो त्याला वर्षाला करोडो मिळतात. तेवढ्यात मी पण ऐकून घेईन. तुम्ही अदिबाला काय देता? एक केळं."

केळं साकिब खरोखरच देत असे, दर सामन्यानंतर, प्रत्येकाला.

मंगळवारी काम आटोपून तो जहऱ्याला गेला. अदिबा बेकरीच्या गल्ल्यामागे स्टुलावर बसून शाळेचा अभ्यास करत होती. साकिबने आधी दोन खारी बिस्किटं खाल्ली, हवापाण्याचं बोलला, मग विचारलं की शुक्रवारी येशील ना. तिने पेन्सिल खाली ठेवली आणि अट सांगितली. फक्त एक मॅच. कोच ओरडले तर ती मैदानाच्या मधोमध बेल्ट सोडणार. साकिबने कबूल केलं. अशरफभाई आतून म्हणाले, पोरीला इतकं डोक्यावर चढवू नकोस. साकिब म्हणाला, तुम्ही पाव बघा, जळतायत.

कबूल करणं सोपं होतं. बुधवारी त्याने गोदामात गोड बोलण्याची तालीम केली. एका ड्रायव्हरने ट्रक वाकडा लावला, तर साकिबने हळू आवाजात त्याला सांगितलं की प्रयत्न चांगला होता. ड्रायव्हर खाली उतरला आणि घाबऱ्या चेहऱ्याने विचारू लागला की साहेब, घरी सगळं ठीक आहे ना.

गुरुवारच्या सरावाला त्याने आणखी खबरदारी घेतली. हातात शिट्टी असली की ती फुंकावीशी वाटते आणि फुंकली की पाठोपाठ ओरडावंसं वाटतं, म्हणून त्याने आपली जुनी पितळी शिट्टी अथर्वच्या गळ्यात घातली. अथर्व हा चेंडू झेलणारा, लांब पायांचा आणि विसरभोळा. टोपी डोक्यावर असली की आपटली जाणार, म्हणून ती त्याने संघातल्याच सनाला देऊन टाकली. मग घडीची खुर्ची टाकून बसला आणि जे जे चुकेल त्याला छान, वा, होतं असं, म्हणत राहिला. मुलं एकमेकांकडे बघू लागली. नेहमीचा दंगा नाही, पाण्याच्या बाटल्यांवरून भांडण नाही. कुणी न सांगता मुलांनी मैदानावरचे शंकू गोळा करून त्याच्या गाडीत नेऊन ठेवले. साकिबला वाटलं, रबियाचंच खरं, गोड बोलण्याचा केवढा हा गुण.

शुक्रवारी तो मैदानावर पोहोचला तर नेहमीपेक्षा दुप्पट माणसं. आयांनी डबे आणले होते. एकीने खांडवी, एकीने बिर्याणीचा टोपच. अशरफभाई एक मोठा पांढरा खोका सांभाळत उभे होते आणि साकिब दिसताच त्यांनी त्याला घट्ट मिठी मारली. माणूस तसा मिठ्या मारणारा नव्हे. जलीबहून साकिबचा दोस्त पुंडलिकही आला होता. पुंडलिक सुतार, राजापूरकडचा, सुटीच्या दिवशी खोलीतून हलायचा नाही. तो आज चक्क डोळे पुसत होता. साकिबने मनाशी म्हटलं, सामना महत्त्वाचा आहे हे शेवटी लोकांना कळलं तर.

सामना सुरू झाला आणि सँड शार्क्स पाण्यातून बाहेर काढल्यासारखे खेळू लागले. अथर्वच्या छातीवर आलेला चेंडू त्याच्या हातातून निसटला. सना पट्टी ओढायची सोडून पळणाऱ्या मुलीच्या शेजारून नुसती धावत राहिली. अदिबाच्या दोन फेकी जमिनीवर गेल्या. साकिबच्या घशात शब्दांची रांग लागली होती. व्यावसायिक संघांचे कोच डाव सांगताना तोंडासमोर एक मोठा पुठ्ठा धरतात, समोरच्यांना ओठ वाचता येऊ नयेत म्हणून. साकिबकडेही तसा पुठ्ठा होता, त्यावर डाव काढलेले होते. त्याने तो तोंडासमोर धरला, ओठ आत दाबून धरले आणि त्यामागून म्हणाला, "छान. फार छान प्रयत्न."

अथर्वने ते ऐकलं, कोचकडे पाहिलं आणि त्याला हुंदका आला.

साकिब जितकी शाबासकी देई तितका खेळ बिघडत गेला. मध्यंतराला सँड शार्क्स दोन टचडाउनने मागे होते. मुलं खाली माना घालून बाकाकडे गेली. साकिब पाणी प्यायला वळला, तर पुंडलिक त्याच्याजवळ आला.

"काय रे मेल्या, मला एक शब्द सांगितला नाहीस," पुंडलिक म्हणाला. "कधीचं विमान?"

"कसलं विमान?"

"आणि ती वॉशिंग मशीन कुणाला दिलीस? दिली नसशील तर आमच्या खोलीत आठ माणसं आहेत, एवढं लक्षात ठेव."

साकिबने डब्यांकडे पाहिलं, अशरफभाईंच्या खोक्याकडे पाहिलं, आणि हळूहळू सगळं उलगडलं. तो थेट मुलांकडे गेला आणि त्यांच्यासमोर उकिडवा बसला.

"मी चाललो असं कुणी सांगितलं तुम्हाला?"

अदिबाने खुलासा केला. कुणी सांगितलं नाही, सगळ्यांना कळलं. कोचनी शिट्टी देऊन टाकली, टोपी देऊन टाकली. अथर्वला चेंडू सोडल्याबद्दल छान म्हणाले. तिच्या बिल्डिंगमधले अहमद अंकल असेच. वर्षानुवर्षं पार्किंगमध्ये खेळलं म्हणून ओरडायचे, आणि एक दिवस अचानक हसून सगळ्या मुलांना बोलावलं आणि माशांची टाकी देऊन टाकली. पुढच्या आठवड्यात त्यांच्या दारावर नवीन माणसाचं नाव. इथे मोठी माणसं कायमची गावी जायची असली की अशीच गोड होतात.

"आणि आज तुम्ही पुठ्ठ्यामागे रडत होता," सना म्हणाली.

साकिबला हसू आवरेना. त्याने त्यांना सांगितलं की त्याचा इकामा, म्हणजे इथे राहण्याचा परवाना, डिसेंबरमध्येच नवीन झाला आहे, तो कुठेही जात नाही, आणि वॉशिंग मशीन तर मुळीच जात नाही. मग बाकावर जो गोंधळ उडाला तो पाहून समोरच्या संघाचे कोच घड्याळाकडे आणि गुणफलकाकडे आळीपाळीने बघू लागले. दोन टचडाउनने मागे असलेला संघ नाचत होता.

नाचली नाही ती फक्त अदिबा.

"मग तुम्ही असे का वागत होता?" तिने विचारलं.

"तूच म्हणालीस, ओरडू नका."

"ओरडू नका म्हणाले. खोटं बोला असं नाही म्हणाले. वाईट थ्रो होता तो. मला माहीत आहे वाईट होता."

गोदामात आपल्या ओरडण्याचं कुणाला वाईट वाटत नाही, हे साकिबला तेवढ्यात आठवलं. तिथे तो ट्रक आदळण्याच्या आधी ओरडे. आदळल्यावर ओरडून कुठला ट्रक सरळ झाला असता?

"मग काय करू? तू सांग," तो म्हणाला.

अदिबाने बराच विचार केला. "चेंडू माझ्या हातात असेल तेव्हा ओरडा. मला मागचं दिसत नाही. कोण मोकळं आहे ते सांगा, हवं तेवढं मोठ्याने. चेंडू गेल्यावर नको. तेव्हा मला पण दिसतं."

अथर्वने गळ्यातली शिट्टी काढून पुढे केली. साकिबने ती घेतली नाही, ती आता तुझीच म्हणाला. टोपी मात्र सनाने न विचारता त्याच्या डोक्यावर ठेवली.

उत्तरार्धात मैदानाला साकिबचा खरा आवाज ऐकू आला. "डावीकडे सना मोकळी." "मागून येतोय, सोड आता." अदिबा मान न वळवता त्या आवाजावर चेंडू सोडत होती, जसे ट्रकवाले ब्रेक दाबत. सनाने एक टचडाउन केला. अथर्वने दुसरा केला आणि आनंदाच्या भरात शिट्टी वाजवली, त्याबद्दल पंचांनी त्याला समज दिली. बरोबरी झाली. मग समोरच्यांनी पुन्हा एक केला, आणि शेवटचा डाव उरला.

"उजवीकडे, लांब," साकिब ओरडला. अथर्व लांब पायांनी सुसाट निघाला. अदिबाने एक क्षण जास्त घेतला. चेंडू सुरेख गेला, पण अथर्वभोवती तोवर दोघे जण पोहोचले होते आणि त्यातल्या एकाने तो अलगद झेलला. सामना संपला.

साकिबचा हात टोपीकडे गेला. तोंडही उघडलं. अदिबा मैदानाच्या मधोमध उभी होती, एक हात बेल्टच्या कडीवर ठेवून, थेट त्याच्याकडे बघत. बाजूला अशरफभाई वाट बघत होते, सामन्याला आलेली रबियाही.

साकिबने टोपी सरळ केली आणि चालत तिच्याजवळ गेला.

"उशीर झाला," तो म्हणाला.

"हो," अदिबा म्हणाली. "दिसला होता मला. भीती वाटली."

"गुरुवारी तेवढंच करू. लवकर सोडायचं."

तिने मान हलवली. कडीवरचा हात काढला आणि बेल्ट तसाच कमरेला ठेवून ती बिर्याणीच्या टोपाकडे पळाली. शेवटच्या चार संघांतली जागा गेल्याची आठवण साकिबला बऱ्याच वेळाने झाली.

अशरफभाईंनी खोका उघडताना जरा टाळाटाळ केली. आत भलामोठा केक होता आणि त्यावर निळ्या क्रीमने सुबक अक्षरांत लिहिलं होतं, गुडबाय कोच. रबिया म्हणाली, त्यात काय एवढं. तिने सुरी घेऊन गुडबायच्या बाजूने कापायला सुरुवात केली आणि पहिला तुकडा अदिबाला दिला. मुलांनी गुडबाय बघता बघता संपवला. कोच तेवढा उरला, तो साकिबच्या वाट्याला आला.

त्याने सवयीने केळ्यांची पिशवी काढली, पण त्या दिवशी केळं कुणीच घेतलं नाही. शेवटी ती पुंडलिकला मिळाली. मशीनच्या बदल्यात हे, म्हणत तो पिशवी काखेत मारून जलीबच्या बसकडे निघाला.