ड्रायव्हरचं भाषण

"हात खाली घे," मास्तर म्हणाले. म्हणजे म्हणायला गेले. तोंडात टाचण्या होत्या, त्यामुळे नुसतंच हुं हुं झालं.

ड्रायव्हरने हात खाली घेतले नाहीत. भाषणात या ठिकाणी दोन्ही हात वर करायचे होते.

"तर मंडळी, मी तिला म्हटलं, दोन्ही हात वर कर. डावा गेला वर आणि उजवा राहिला खालीच. तिथंच मी ओळखलं. ड्रायव्हरची नजर आहे ही. जन्मभर बस चालवली, समोरचा कधी वळणार ते त्याच्या आधी मला कळायचं." मग आवाज उतरवून त्याने विचारलं, "हे बसचं घालू का रे? का जास्त होतंय?"

मास्तरांनी टाचण्या काढल्या. "कोट फाटतोय काखेत. ते जास्त होतंय."

"तुझं आपलं कोटाचंच."

"कोट शिवायला बोलावलंयस मला. टाळ्या वाजवायला हॉलभर माणसं येणार आहेत रविवारी."

ड्रायव्हर खूश होऊन हसला. टोमणा त्याच्यापर्यंत पोचलाच नाही. पोचणार कसा? त्याच्यावर कुणी जळत असेल हे त्याच्या डोक्यातच येण्यासारखं नव्हतं, आणि त्यातून मास्तर. भिंतीला भिंत लागून दोघांची घरं, तरुणपणापासूनची अरे-तुरे.

दवाखान्याच्या वरच्या हॉलमध्ये दर बुधवारी आरोग्याचा वर्ग भरायचा. सिस्टर शिकवायच्या. साखर, रक्तदाब, भाजलं तर काय करायचं, पक्षाघाताचा झटका कसा ओळखायचा. या रविवारी आसपासच्या सगळ्या वस्त्यांसाठी मोठं चर्चासत्र होतं. त्यात ड्रायव्हर बोलणार होता, कारण वर्गात शिकलेलं वापरून त्याने बायकोचा जीव वाचवला होता. निदान गोष्ट तशी होती.

मास्तरही त्याच वर्गाला जायचे. दोघं नवरा-बायको जायचे, जोडीने. नाव बायकोनेच घातलं होतं. ती पुढच्या रांगेत बसून प्रश्न विचारायची आणि घरी आल्यावर मास्तरांना हात वर करायला लावायची, हसायला लावायची. "नीट हसा. असं हसलात तर मी दवाखान्यात नेईन." थंडीत एका सकाळी ती उठली नाही. आदल्या रात्री जेवली, उद्या कुणाचे कपडे द्यायचेत ते सांगितलं, कुशीवर वळली. बस्स. तोंड वाकडं झालं नाही, हात खाली पडला नाही, छातीत कळ आली नाही. मास्तरांना सगळी लक्षणं पाठ होती आणि त्यातलं एकही दिसलं नव्हतं.

पुढे उन्हाळ्यात शेजारच्या वहिनींना, ड्रायव्हरच्या बायकोला, झटका आला, त्या वाचल्या, आणि वर्गात ड्रायव्हरची गोष्ट सुरू झाली. सिस्टर म्हणायच्या, "बघा, माहिती असली की माणूस वाचतो." सगळे माना वळवून ड्रायव्हरकडे बघायचे. एकदा पुढच्या बाकावरच्या ठुसकबाई शेजारणीला हळू आवाजात म्हणाल्या, हळू म्हणजे त्यांच्या मानाने हळू:

"मास्तरांची मंडळी गेली, तेव्हा वर्ग नव्हता का?"

"होता की. दोघंही यायचे."

"मग?"

तो 'मग' मास्तरांच्या मनातून गेलाच नाही. मशीनवर बसले की तो पायाखाली यायचा.

आणि पलीकडे भिंतीतून सगळं ऐकू यायचं. वहिनींच्या काठीचा ठोका. ड्रायव्हरचं करवादणं, "अगं किती वेळ लावतेस जेवायला, ताट वाळलं." मग वहिनींचं जड जिभेचं उत्तर, एकेक शब्द उचलून ठेवल्यासारखं. भांडण पेटलं की मास्तर मशीन थांबवून ऐकत बसायचे. भांडायला माणूस आहे लेकाला, आणि वर कुरकुरतोय. पोटात दुखायचं, खरंच दुखायचं. कोटाची डावी बाही त्यांनी मुद्दाम अर्धं बोट आखूड ठेवली. दुसऱ्या दिवशी स्वतःच उसवली. ड्रायव्हरची कीव आली म्हणून नव्हे. कोट कुणी शिवला ते सगळ्यांना ठाऊक होतं.

शिवाय बाहीची गरजच नव्हती. मास्तरांकडे त्याहून मोठी कात्री होती.

वहिनींना झटका आला त्या सकाळी काय झालं होतं ते त्यांना माहीत होतं. भिंतीवर थाप पडली, मग दुसरी, मग थापांवर थापा. मास्तर धावत गेले तर ड्रायव्हर दारात, वर्तमानपत्र हातात.

"काही नाही रे. रुसलीय. काल रात्री भांडलो, सकाळपासून अबोला धरलाय. मीही म्हटलं, धर. मीही नाही बोलणार."

"कधीपासून?"

"झाला असेल अर्धा तास."

आत वहिनी पलंगावर भिंतीला टेकून बसल्या होत्या. डाव्या हाताने त्या भिंत बडवत होत्या. मास्तरांना बघताच त्यांनी डाव्या बोटाने ओठाचा खाली आलेला कोपरा धरून वर ओढला, सोडला, पुन्हा ओढला. मग उजवा हात डाव्याने उचलला आणि मांडीवर टाकून दाखवला. मठ्ठ पोरांना फळ्यावर गणित दाखवावं तसं. वर्गात नीट लक्ष देणारी त्या घरात एकच होती.

पुढची धावपळ ड्रायव्हरने केली हे खरं. त्याने फोन केला, तिला उचलून खाली नेलं, गाडीत बसताना रडला. मास्तरांच्या हातात वहिनींच्या चपला होत्या. त्या धरून ते फाटकात उभे राहिले आणि त्यांच्या मनात आलं, हिला निदान काहीतरी झालं. त्या विचाराची लाज वाटायला संध्याकाळ व्हावी लागली.

रविवारी हॉल भरला. खुर्च्या पुरल्या नाहीत, म्हणून खालच्या मजल्यावरचे रुग्णांचे बाक वर आणले होते. ड्रायव्हर उभा राहिला. कोट त्याला झकास बसला होता, आणि तेही मास्तरांना सहन होईना.

गोष्ट दर बुधवारी थोडी थोडी वाढत गेली होती. आज ती लग्नाच्या वयाची झाली होती. चहाचा कप आला, बायकोच्या चेहऱ्यावरची सावली आली, बसचा आरसा आला. "आणि मंडळी, एक क्षणसुद्धा वाया घालवला नाही मी." टाळ्या पडल्या.

"कुणाला काही विचारायचंय?" सिस्टरनी विचारलं.

मास्तर उठले. कुणीतरी माईक त्यांच्या हातात दिला. वाक्य तयार होतं, कित्येक दिवस घासून ठेवलेलं: त्या अर्ध्या तासात तू कोणतं पान वाचत होतास, तेही सांग ना मंडळींना.

पहिल्या रांगेतून वहिनींनी मान वळवली. इतका वेळ ड्रायव्हर बोलत असताना त्यांचे ओठ त्याच्या बरोबरीने हलत होते; त्यांना सगळं पाठ झालं होतं, कुठे थांबायचं, कुठे हात वर करायचे. आता त्या मास्तरांकडे बघत होत्या. मास्तरांना काय माहीत आहे ते त्यांना ठाऊक होतं. त्यांनी मान हलवली नाही, डोळ्यांनी खुणावलं नाही. घरात कुणी पाहुणा जास्तच वेळ बोलत बसला की बायका एकमेकींकडे बघतात, तसं नुसतं बघितलं. आणि मग पुन्हा समोर वळल्या, नवऱ्याकडे.

मास्तरांनी माईक तोंडाजवळ नेला, लांब केला, पुन्हा जवळ आणला.

"लक्षणं दिसली तर काय करायचं, ते कळलं," ते म्हणाले. "दिसलीच नाहीत तर?"

"म्हणजे काका?"

"म्हणजे माणूस रात्री चांगलं बोलून झोपलं आणि सकाळी उठलंच नाही. शेजारी जो झोपला होता, त्याने काय करायला हवं होतं?"

सिस्टर हातातल्या कागदाची घडी घालायला लागल्या, मग थांबल्या.

"काही नाही, काका. काहीच करता आलं नसतं."

"वर्ग केला असला तरी?"

"मी शेजारी झोपले असते तरी नाही."

त्यांच्याही पुढ्यात माईक होता, त्यामुळे ते सगळ्यांना ऐकू गेलं. ठुसकबाई पिशवीत काहीतरी शोधायला लागल्या.

"बरं," मास्तर म्हणाले आणि खाली बसले. ड्रायव्हर अजून व्यासपीठावर उभाच होता, कोटाच्या खिशात हात घालून, पुढचं विसरल्यासारखा. मग तो खाली उतरला आणि बायकोशेजारी जाऊन बसला.

कार्यक्रम संपल्यावर बाक परत खाली न्यायचे होते. मास्तरांनी एका बाकाचं टोक धरलं. दुसरं टोक कुणी धरलं ते बघायला त्यांनी मान वर केली, तर ड्रायव्हर. कोट काढून त्याने खुर्चीवर ठेवला होता.

"मी उलटा उतरतो," तो म्हणाला. "तू वरून धर."

"मला काय विचारायचं होतं, ते तुला..."

"माहितीय." त्याने बाक उचलला. "उचल."

जिन्यात पुढे वहिनी होत्या. डावा हात कठड्यावर, काठी मनगटाला अडकवलेली. एक पायरी, मग दुसरा पाय त्याच पायरीवर, मग दम. दोघं बाक घेऊन मधल्या वळणावर अडकले. बाक जुन्या शिसवासारखा जड होता, आणि मागून आणखी माणसं यायला लागली होती.

"चल की गं जरा," ड्रायव्हर पुटपुटला. "आता राहा उभे इथं असेच."

मास्तरांचे दंड भरून आले होते. त्यांनी बाकाचं टोक गुडघ्यावर टेकवलं.

"राहू की," ते म्हणाले. "उतरू दे तिला."