उशिरा येणारा आवाज

"अँटेना कड्याकडे नको, कड्याकडे नको! जन्मभर हेच ओरडत होतीस ना माझ्यावर?" एलिंग म्हणाला.

"होते. आता गप्प बसा आणि ती काठी द्या," गुन्वोर म्हणाली.

सकाळीच नूरलान प्रांतातलं जुनं एफएम रेडिओ-प्रक्षेपण बंद होऊन डिजिटल सुरू झालं होतं. हे करणारा आपला देश जगात पहिला, एवढी अभिमानाची बातमी देऊन एलिंगचा जुना संच खरखरू लागला. नवा डिजिटल संच मुकाच होता. जुना बिघडला तरी कुरकुरायचा. हा सरकारी कचेरीसारखा, जमत नसेल तर एक अक्षर बोलत नाही.

एलिंगच्या मुलीची, बेरितची, अट साधी होती. डोंगरांत शिरलेल्या खाडीच्या, फ्योर्डच्या, या टोकाला मोबाइल लागत नाही. रेडिओवर वादळाची सूचनाही येणार नसेल, तर बाबांनी शहरातल्या वृद्धाश्रमात यायचं. म्हाताऱ्याने बॅग भरली नव्हती, पण सकाळपासून तो त्या रिकाम्या बॅगेकडे बघत होता.

गुन्वोर या भागातले रेडिओचे मनोरे सांभाळायची. एलिंगच्या घरामागचा कडा तिचा नोकरीतला जुना वैरी. मनोऱ्यावरून आलेला आवाज तो परत फेकायचा. परतलेला आवाज उशिरा पोचून मूळ आवाजावर आदळायचा आणि बातम्यांचा चिवडा व्हायचा.

तिने अँटेना काठीला बांधून खिडकीबाहेर धरली. सरळ कड्याकडे.

"वेस्टफ्योर्ड," संच म्हणाला, "नैऋत्येचा जोरदार वारा, संध्याकाळी हिमवर्षाव."

टेबलाशी बसून कुणी बोलावं इतकं स्वच्छ.

एलिंग खाली बसला. "हे काय केलंस, पोरी?"

"मी नाही, त्याने केलं." तिने कड्याकडे मान हलवली. "आता आवाजाचे बारीक तुकडे करतात, शेकडो लहरींवर वाटून पाठवतात. प्रत्येक तुकड्यापाशी क्षणभर थांबायची सोय असते. तेवढ्यात कड्यावरून आलेला उशिराचा आवाजही मूळ आवाजात मिसळतो."

"उशिरा आला म्हणून हाकलत नाहीत?"

"उलट, त्याच्यामुळे बळ वाढतं."

प्रशिक्षणात तिने हे गणित सोडवलं होतं, पैकीच्या पैकी गुणही मिळवले होते. पण गणितात कडा नव्हता. तिने काठी कड्याकडे आणखी थोडी सरकवली.

"बेरितला काय सांगू?" एलिंगने विचारलं.

"संध्याकाळी बर्फ पडणार आहे, रेडिओवर ऐकलं, असं सांगा."

तो हसला. मग उठून त्याने कड्याकडची दुसरी खिडकीही सताड उघडली. जानेवारीचा वारा स्वयंपाकघरात शिरला.

"थंडी येतेय," गुन्वोर म्हणाली.

"येऊ दे. त्या कड्यालाही ऐकू दे जरा."

तिने कोटाची चेन गळ्यापर्यंत ओढली आणि काठी तशीच धरून ठेवली.