चाळीस टोपल्यांचा अंदाज

प्रवरामाईची आण घेऊन सांगते मित्रांनो, ह्यातला शब्द न् शब्द खरा हाय! खोटं बोलले तर माझं बूड गळून पडो!

मी एक जुनी टोपली हाय. ज्या बांबूची मी झाले, त्याला रोज सकाळी वाघ पाठ खाजवायचा. म्हनून माझी वीन अशी घट्ट, की मुंगीलाबी आंग चोरून जावं लागायचं. अकोल्याच्या बाजारातनं मला चांगुनाबाईनं आनलं. शेनानं सारवलं, उन्हात वाळवलं. मग काय, बाजरीचा दाना गळंल तर शपथ. खळ्यावर लोक म्हनायचे, "टोपली असावी तर अशी." मी गप ऐकायची.

दुष्काळाच्या आदल्या सालची गोष्ट. न्हानीच्या पान्यानं आंगनात कायम चिखल. त्यात चांगुनाबाई घसरली. हाड जुळलं, पन भ्या गेलं न्हाई. समोर तुळस, पन तिला पानी घालायला बी सुनंचा हात धरावा लागायचा. हे तिला लई लागायचं.

"सादेवा," ती लेकाला म्हनली, "आंगनात वाळू टाक. मला माझ्या पायानं तुळशीपाशी जायचंय."

"टाकतो आये. पन किती लागंल त्याचा आदुगर अंदाज तर काढू."

सहादेवानं देवळामागं पडलेली कोरडी वाळू माझ्यात भरून आनली. घोंगडी आंथरली, तिच्याभवती रेघ मारली, घोंगडी उचलली. रेघंच्या आत दोन बोटं जाड वाळू पसरली, तर चार टोपल्या लागल्या. मग घोंगडी आंगनभर मांडत गेला. धा येळा बसली.

"चाळीस टोपल्या," त्यानं सांगितलं.

"आनि हाताशी एखादी जास्त?" सून गोजरबाई म्हनली.

"हिशेब म्हंजी हिशेब! तू नुसती डोक्यावर घे."

हिशेब बरोबर हुता मित्रांनो. पन देवळामागं तेवढीच वाळू हुती; बाकीची नदीवरनं आनली, न् नदीची वाळू वली. तिच्या पान्यानं माझं शेन भिजलं, सुटलं, न् वाटंनं वाळू झिरपाया लागली. गोजरबाईच्या पदरात, कानात, अंबाड्यात वाळू!

"आवं, मी सून हाय का चाळन?"

चाळीस झाल्या. आंगन काही भरलं न्हाई. तुळशीच्या अलीकडं चिखल तसाच. सहादेव बोटं मोजीत बसला. चांगुनाबाई उंबऱ्यावरनं नुसती बघत हुती.

दुसऱ्या दिवशी सकाळी खाटेवर चांगुनाबाई न्हाई!

"आवं, आत्याबाई कुठं गेल्या?"

सहादेव आंगनात धावला. तुळशीला पानी घातलेलं. त्याचं असं, नदीची वाट तुळशीला वळसा घालूनच दारात येती, न् त्या वाटंवर माझ्यातनं गळलेल्या वाळूचा पट्टा पडला हुता. पट्ट्यावर पावलं उमटलेली. तुळशीपाशी थांबलेली, न् मग फुडं गेलेली.

ती पार प्रवरंच्या काठाला सापडली. गुडघ्याएवढ्या पान्यात उभी, लुगडं खोचून.

"आये, पडली असतीस म्हंजी?"

"वाळू टाकलीस ना नदीपत्तर? मग आता ओरडतोस कशाला?"

मला मातर कोनी शाबासकी दिली न्हाई. पुन्हा सारवलंबी न्हाई. आता माझ्यात कोंबडी अंडी उबवती. तवा मित्रांनो, अंदाज काढताना टोपलीचं बूडबी बघा, न् काम झालं की तिला ऊन दावा, शेनाचा हात फिरवा.

बरं, एक गोष्ट माझ्या पदरची हाय. वाघाची न्हाई, वाघ खरा. वाळू नदीपत्तर सांडलीच नव्हती. वली वाळू भरताना घट्ट बसती, डोक्यावर हिंदकळली की मगच गळाया लागती! नदीपासनं निम्म्या वाटंपस्तोर माझ्यातनं कनबी गळला न्हाई. तिथं नुसता नदीकडचा चिखल हुता.

तेवढा चिखल ती आपल्या पायानंच तुडवत गेली.