खंडेनवमीचे सेल

कुंकू काही निघेना. ट्राममध्ये बसल्यापासून शशिधर अंगठ्याच्या नखानं तो बोटाएवढा सेल खरवडत होता. हळद निघाली होती, पण कुंकू टोकाच्या खाचेत जाऊन बसलं होतं, आणि ह्याचा जोडीदार घरी बाल्कनीतल्या कुंडीत, वाळूखाली... शेजारी त्याच्या सासूबाई प्रभाताई लुगड्यावर लेकीचा, मालविकाचा, जाड कोट चढवून खिडकीबाहेरचं जर्मनीतलं येना शहर पाहत होत्या. त्यानं सेल मुठीत झाकला. कशाला झाकतोस? काल त्यांनी स्वतःच्या हातानं पुजलाय तो.

काल खंडेनवमी. घरात शस्त्र म्हणावं असं काही नाही, म्हणून त्यांनी पाटावर स्क्रूड्रायव्हर, कात्री, सायकलचा पंप, मालविकाचा जुना लॅपटॉप, सगळं मांडलं, आणि त्याच्या ड्रॉवरमधून त्याची ई-सिगारेटसुद्धा काढली. चार्ज करायला बाहेर काढलेले तिचे दोन्ही सेल तांब्याच्या ताम्हनात आडवे ठेवले. त्यातल्या एकाचं प्लास्टिकचं आवरण फाटलेलं होतं. फाटक्या जागी अंग तळाला लागलं, तोंड ताम्हनाच्या काठाला, झालं, सर्किट पूर्ण. शाळेतलं पोरही सांगेल. हिस्स झालं, कुंकू काळं पडलं, आणि तो सांडशीत सेल धरून बाल्कनीकडे पळाला. मागून त्यांनी हळूच विचारलं होतं, माझं काही चुकलं का. तेव्हा काय निघालं तोंडातून — नाही आई, ऑफिसचं यंत्र आहे, लेन्स मोजायचं.

लेन्स मोजायचं! ऑफिसात मायक्रॉनच्या हिशेबानं काचा तपासणारा मी, आणि घरी मोडक्या लॅपटॉपच्या बॅटरीतून हे सेल उचकटून काढले, कारण चांगली वस्तू टाकवत नाही. आवरण फाटलेलं दिसत होतं, तरी वापरले. दिव्याखाली अंधार, दुसरं काय.

पण खरं कसं सांगणार? गार्चिंगला परिषदेसाठी गेलेल्या मालविकानं फोनवर पुन्हा बजावलं होतं की आईला कळता कामा नये. बाबा सिगरेटनंच गेले, त्यानंतर आईच्या समोर तो शब्दही कोणी काढत नाही... वसंतात त्यानं सिगरेट सोडली ती ह्या यंत्राच्या जोरावर, आणि कालपासून यंत्र मुकं. आज शनिवार, थोड्या वेळात दुकानं मिटतील, उद्या रविवार, सगळं गाव बंद. बंद नसतं ते फक्त ट्रामच्या थांब्यावर भिंतीला टांगलेलं सिगरेटचं मशीन. त्याला ना रविवार ना दसरा. मघाशी त्याच्यासमोरून जाताना खिशातला हात आपोआप नाण्यांकडे गेला होता, आणि त्याला स्वतःचीच भीती वाटली होती.

त्यानं प्रभाताईंना बेकरीत बसवलं, कॉफी आणि सफरचंदाचा केक मागवून दिला, ऑफिसचं एक छोटं काम आहे म्हणाला, आणि दोन दुकानं पलीकडच्या ई-सिगारेटच्या दुकानात शिरला. आत पिकल्या आंब्याचा गोड वास. गल्ल्यामागची बाई मोजा विणत होती. त्यानं सेल दाखवून असाच एक मागितला, तशी ती हसली. एकटा घालायचाच नाही, म्हणाली. ह्या यंत्रात दोघं एकदमच घ्यायचे, एकदम चार्ज करायचे, एकदमच टाकून द्यायचे. मग तिनं दोन जोड्या पुढे ठेवल्या. एक दिवसभर टिकणारी, पण जास्त करंट ओढला की तापणारी. दुसरी लवकर उतरणारी, पण ह्या यंत्राला हवा तेवढा करंट शांतपणे देणारी.

उत्तर त्याला माहीत होतं. इंजिनियरला ह्यात विचार करण्यासारखं काही नव्हतं. पण संध्याकाळी अर्ध्या वाटेत सेल उतरला, आणि समोर ते मशीन असलं तर... टिकणारी घ्यावी? जपून वापरली तर चालेल, थोडी तापली तर तापली — हात त्याच जोडीकडे गेला होता.

"अहो शशिधरराव, कालच्यासारखं तापणार नाही तेच घ्या."

प्रभाताई दारात उभ्या होत्या, हातात कागदात गुंडाळलेला उरलेला केक.

त्याला कानशिलं गरम झालेली जाणवली. तो काहीतरी बोलायला गेला — ऑफिसचं, लेन्स — आणि त्यांनी मान हलवली.

"लेन्स मोजायच्या यंत्राला आंब्याचा वास येत नाही हो." त्या जवळ आल्या. आवाज रागाचा नव्हता. "मालविकाच्या बाबांच्या कपड्यांना जन्मभर धुराचा वास होता. मागच्या खेपेला तुमच्या कोटाला होता. ह्या खेपेला नाही. कशानं गेला ते शोधत होते. ड्रॉवरमध्ये सापडलं, म्हणून पुजलं."

विणणाऱ्या बाईनं सुया थांबवल्या. तिला एक अक्षर कळलं नसणार, तरी तिनं न तापणारी जोडी अलगद पुढे सरकवली, आणि प्लास्टिकची डबीही दिली. खिशात सुटे नका ठेवू, म्हणाली. त्यानं सेल यंत्रात बसवले. छोटा दिवा लागला. सुटलो, एवढंच त्याच्या मनात आलं, आणि किती दिवसांनी खांदे खाली आले... म्हणजे ते इतके दिवस वर होते तर. मालविकाला फोन करायला हवा. काय सांगायचं तिला? आईनं पुजलं म्हणून?

थांब्यावर वारा होता. भिंतीवरचं मशीन तिथेच, आणि तल्लफही तिथेच, ती काही पूजेनं जात नाही. खिशात यंत्राच्या बटणावर अंगठा टेकला, पण वडीलधाऱ्यांसमोर ओढायचं कसं? ते ह्या जन्मात जमायचं नव्हतं.

प्रभाताईंनी एकदा त्याच्या खिशाकडे पाहिलं. मग त्या वळल्या, त्याच्याकडे पूर्ण पाठ करून खांबावरच्या वेळापत्रकासमोर उभ्या राहिल्या, आणि जर्मनचं एक अक्षर येत नसताना ते वेळापत्रक वरपासून सावकाश वाचू लागल्या.

तो त्यांच्या पाठीकडे पाहत राहिला, ढगळ कोटाखाली दिसणाऱ्या लुगड्याच्या काठाकडे. अंगठा बटणावरच होता. दाबावं की नाही ते त्याला ठरवता येत नव्हतं, आणि कालपासून पहिल्यांदाच त्याला कसली घाई नव्हती.