कोळशाची विहीर

रेवसजवळच्या शिवदास म्हात्र्याने आपल्या मिठागराच्या वरच्या अंगाला विहीर खणायला घेतली, तेव्हा गावाला गोडं पाणी हवं होतं. मुरमाखाली शिंपल्यांचा थर लागला आणि त्याखाली काळंभोर काहीतरी. शिवदासने त्याचं ढेकूळ वाळवून चुलीत घातलं. ते धुमसत पेटलं, आणि त्याबरोबर याचं डोकंही.

"कोलसा हाय! आगबोटीत घालतान तोच!"

त्याने विहिरीत नारळ वाढवला तोही कोळशासाठी. वरून गोडं पाणी पाझरू लागलं, तर कोळसा भिजेल म्हणून हा बाबा गड्यांना ते रोज उपसून खाडीत ओतायला लावी. जागा त्याची, मग बोलणार कोण? बायका हंडे घेऊन टेकडीपलीकडच्या झऱ्यावर जात राहिल्या. त्याची बायको ठमीसुद्धा.

चैत्रात मुंबईहून खाणींचे जाणकार साहेब आले. त्यांनी ढेकूळ मोडून आतली मुळं दाखवली.

"ही खाडीकाठची जुनी तिवराची झाडं आहेत, गाळाखाली दबलेली. याचा खरा कोळसा व्हायला अजून लाखो वर्षं लागतील."

सगळं गाव काठावर उभं होतं. कोणी हसलं असतं तर शिवदासला भांडता तरी आलं असतं. पण कोणीच हसलं नाही. त्याची मान वर होईना.

ठमीने रिकामा हंडा त्याच्या पायाशी ठेवला.

"मंग तवर आमी पानी भरू का? का कोलसा भिजंल?"