मेण्यावरची पाटी

मलकापुरात शालिग्राम गुरुजींचं नाव काढलं की लोकांना आधी त्यांच्या पाट्या आठवत. म्युनिसिपालटीच्या एका खोलीत त्यांनी गावच्या जुन्या वस्तू मांडल्या होत्या, आणि प्रत्येकीच्या गळ्यात एकच पाटी: 'हात लावू नये'. फुटक्या नगाऱ्यालाही तीच, जात्यालाही तीच. आता जात्याला हात लावायला कोण मरायला जातंय? पण गुरुजींना सांगणार कोण!

लढाईचे दिवस, जागेची मारामार. म्युनिसिपालटीचे अध्यक्ष भगवानराव एकदा ठणकावून म्हणाले, "गुरुजी, तुमच्या अजबबंगल्यात चिटपाखरू येत नाही. कापसाचे व्यापारी खोली मागून राह्यले. रविवारी लोकं गोळा करून दाखवा, नाहीतर किल्ली द्या."

बायको गेल्यापासून गुरुजींचा सगळा जीव त्या खोलीत होता. त्यांनी दवंडी पिटवली, सतरंज्या अंथरल्या, मधोमध नवरीची पडदेवाली पालखी, म्हणजे मेणा, झाडूनपुसून ठेवला. मेणा रहेमतुल्ला सुताराच्या आजोबांनी घडवलेला. एके काळी गावातली कुठलीही नवरी, हिंदूची असो की मुसलमानाची, त्याच्यातूनच जाई-येई. देताना रहेमतुल्ला म्हणाला होता, "ठेवा गुरुजी, पण घरच्या लग्नाले मी नेईन." गुरुजी तेव्हा पाटी रंगवत होते. मान वर न करता त्यांनी "हाव, हाव" म्हटलं होतं.

रविवारी खोली उघडी टाकून गुरुजी अध्यक्षांना आणायला गेले, आणि त्यांना घेऊन ऐटीत परत आले, तर खोलीत मेणा नाही, सतरंज्या नाहीत, आणि माणूस तर औषधालाही नाही.

"काऊन गुरुजी, हेच दाखवाले आणलं का मले?" भगवानराव म्हणाले.

समोरचा पानवाला ओरडला, "रहेमतुल्लाच्या पोरीची पाठवणी हाय नं आज! मेणा न् सतरंज्या तिकडं गेल्या. गावही तिकडंच गेलं!"

गुरुजी तणतणत निघाले. मागून घाम पुसत अध्यक्ष.

रहेमतुल्लाच्या दारात ही गर्दी! मधोमध मेणा, आत नवरी गुलनार, आणि पडद्यावर ऐटीत लटकलेली पाटी: 'हात लावू नये'. भोई बिचारे हात मागे बांधून उभे. नांदुऱ्याचा नवरदेव पुढं सरकला की मेहुण्या खिदळायच्या, "पाटी वाचा, दुल्हेमियाँ!"

'उतरवा तिले खाली!' असं ओरडायला गुरुजींनी तोंड उघडलं, तोच पडद्याआडून आवाज आला, "गुरुजी आले का? मीच अब्बाले म्हटलं, गुरुजीले पुसल्याबिगर पाटी नका काढू."

पोरगी त्यांच्याच शाळेत शिकलेली. गुरुजींनी उघडलेलं तोंड मिटलं आणि ते मेण्याजवळ गेले.

भगवानराव मेण्याच्या दांडीवरून हात फिरवत होते. "माझी माय ह्याच्यातच आली होती, गुरुजी," ते म्हणाले. "मी लोकं गोळा करा म्हटलं होतं. इथं तर अख्खं मलकापूर हाय. किल्ली राहू द्या तुमच्याजवळ. पण वैशाखात आमच्या पोरीचं, कोकिळेचं, लग्न हाय. मेणा लागन."

जन्मात पहिल्यांदा गुरुजींनी आपल्या हातानं पाटी सोडली आणि काखेत मारली. भोयांनी मेणा खांद्यावर घेतला.

"सांभाळून न्या बे!" गुरुजी ओरडले.

"काही नाही होत मेण्याले," रहेमतुल्ला डोळे पुसत म्हणाला.

"मेण्याचं कोण बोलून राह्यलं? पोरीले सांभाळा म्हणतो मी!"