तुळजापूरला जाणारं पाणी

नीरजा अधूनमधून वस्तीवर यायची, पण सोमवारी आली ती दोन वर्षांत पहिल्यांदाच. एरवी सोमवारी तिचे कॉलेजात सलग चार तास असायचे. आज मुंबईहून तपासणी समिती येणार म्हणून तिला सुट्टी मिळाली होती, आणि समितीच्या आधी जाऊन सगळं ठाकठीक करावं म्हणून ती सकाळी साडेआठलाच येऊन थडकली. सोमवार टळला असता तर बरं झालं असतं की वाईट, हे सांगणं अवघड आहे. तिला स्वतःलाही ते सांगता आलं नसतं.

ती तुळजापूरच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात पर्यावरण शिकवायची. वय त्रेचाळीस. वडील मास्तर, आजोबा मास्तर, त्यामुळं समोर कोणीही आलं तरी त्याला विद्यार्थी समजण्याची खोड रक्तातच होती. वस्ती येरमाळ्यापासून आठ-दहा किलोमीटर आत, तेवीस घरांची. वरच्या अंगाला साखर कारखाना. त्याचं नाव घेण्यात अर्थ नाही, नाव घेतलं म्हणून कारखाना लाजत नसतो. त्याच्या दारूभट्टीतलं मळीचं पाणी नाल्यात यायचं, नाल्यातून मातीत आणि मातीतून वस्तीच्या एकुलत्या एका विहिरीत.

त्यावर नीरजानं उपाय काढला होता. नाल्याच्या काठानं साठ फुटांचा चर खोदायचा, त्यात खडी, वाळू आणि उसाच्या पाचटाचा कोळसा भरायचा, वर वाळ्याचं गवत लावायचं. पाणी झिरपेल, घाण कोळशात अडकेल. कागदावर या प्रयोगाला दीड ओळीचं नाव होतं. वस्तीवर त्याला ‘ताईचा खड्डा’ म्हणत.

चर खोदण्याआधी तिनं विहिरीच्या पाण्याचे सहा नमुने घेतले, स्वतःच्या हातानं. पाणी दूध न घातलेल्या चहासारखं होतं. चर झाल्यावर मात्र दर आठवड्याला तुळजापूरहून येणं जमेना. मग तिनं विहिरीला लागून घर असलेल्या कमलबाईंना नमुने घ्यायला शिकवलं. कमलबाई दर सोमवारी बाटली भरायच्या, तिच्यावर कागद चिकटवायच्या, बर्फाच्या डब्यात ठेवून बिभीषणच्या दुधाच्या टेम्पोत द्यायच्या. बिभीषण येरमाळ्याला ती एसटीच्या कंडक्टरकडं सोपवायचा आणि दुपारी चारच्या आत बाटली प्रयोगशाळेत हजर. एकशे चार सोमवार, एकशे चार बाटल्या. पोळा नाही, दिवाळी नाही, कमलबाईंच्या सख्ख्या दिराच्या दहाव्यालासुद्धा खाडा नाही.

आकडे असे आले की नीरजानं ते तीनदा तपासले. रंग गेला, गाळ गेला, कुजकी घाण नव्वद टक्क्यांनी उतरली. लेख छापून आला. पुण्याच्या परिषदेत टाळ्या पडल्या. संस्थेचे अध्यक्ष आण्णासाहेब, ज्यांनी तोवर तिला ‘त्या पाणीवाल्या मॅडम’ एवढंच ओळखलं होतं, त्यांनी आपल्या व्यवस्थापन विभागाला कामाला लावून तिच्या अहवालाला एक प्रकरण जोडलं: प्रदूषण नियंत्रणाचं स्वस्त आणि स्वावलंबी मॉडेल. त्यातलं एक वाक्य नीरजाचंच होतं, ‘वस्तीला आता बाहेरून पाणी पुरवण्याची गरज उरलेली नाही.’ कारखाना तोवर आठवड्यातून दोनदा पिण्याच्या पाण्याचा टँकर पाठवायचा. त्या वाक्याची प्रत तहसिलात पोचली आणि गेल्या दिवाळीपासून टँकर बंद झाला. नीरजाला तेव्हा अभिमानच वाटला होता. आज समितीनं मान डोलावली की आणखी बारा गावांत असे चर होणार होते.

तर त्या सोमवारी ती आली तेव्हा कमलबाई ओट्यावर बसल्या होत्या. समोर तांब्याची कळशी, बाटलीच्या तोंडावर जुन्या लुगड्याचं चौपदरी फडकं, आणि कळशीतलं वरचं नितळ पाणी त्या अगदी अलगद, तळ ढवळू न देता, फडक्यावरून बाटलीत ओतत होत्या.

“मावशी, ते घरचं पाणी बाजूला घ्या हं,” नीरजा चपला काढत म्हणाली. “नमुन्याच्या बाटलीत मिसळायला नको.”

“ह्योच नमुना की, ताई.”

“नमुना विहिरीतून थेट भरायचा ना?”

“हिरीतलंच हाय. काल सांजंला शेंदून ठिवलं, तुरटी फिरवली. रातभर निवळलं. आता गाळून भरायलेय.” कमलबाईंनी मान वर केली. चेहऱ्यावर पहिल्या नंबरानं पास होणाऱ्या पोरीची ऐट होती. “इतकं बारीक फडकं हाय, मुंगीचा पाय जायचा न्हाय त्यातनं.”

नीरजा ओट्याच्या कडेला बसली. “पहिल्यापासून असंच करता?”

“मंग! एक डाव चुकले न्हाय. येडाईची आन. तुमीच म्हनला हुता, मावशी, बाटलीत कचरा जाऊ द्यायचा न्हाय.”

म्हणाली होती. तिला तो दिवस आठवला. बाटली आधी स्वच्छ हवी, बाहेरचा कचरा पडायला नको, एवढंच तिला म्हणायचं होतं.

“पण मावशी, आहे तसं पाणी हवं होतं. घाण असेल तर घाण.”

कमलबाई हसल्या. शिकलेल्या माणसाला कधी कधी साध्या गोष्टी समजावाव्या लागतात, तसं. “आवं, तुळजापूरला जातंय ते पानी. आईच्या गावाला. तिकडं घान धाडायची व्हय? पोरगी बघाय पावणे आले तर तोंड धुऊन पावडर लावतावच की. आमच्या हिरीला कुनी नावं ठिवू नयेत, म्हनून एवढं करते.”

नीरजाच्या घरीसुद्धा दुसऱ्याला पाणी द्यायचं तर गाळूनच द्यायचं, ही शिकवण तिनं आईच्या तोंडून हजारदा ऐकली होती. ज्या मुलखात तहानलेल्या वाटसरूला तांब्या पुढं करताना आत वाकून बघतात, तिथं बाटलीभर घाण पाणी कोणी देईल असं तिनं धरून चालावं, ही तिची चूक. उंटावरून शेळ्या हाकल्या की अशीच होते.

तुरटीनं रंग खाली बसतो, फडक्यानं गाळ अडतो. क्षार मात्र दोघांनाही जुमानत नाहीत. हे ती दुसऱ्या वर्षाच्या मुलांना दर जुलैत शिकवत होती. आणि अहवालात सगळं उतरलं असताना क्षार तेवढे जागचे हलले नव्हते. त्यावर तिनं दोन पानं लिहिली होती, इथला खडकच तसा आहे म्हणून. आधीचे नमुने आपले आणि नंतरचे कमलबाईंचे, हात बदलला तिथंच पाणी बदललं, हे तिच्या मनात एकदाही आलं नव्हतं.

आपल्याला आता काहीतरी वाटलं पाहिजे, असं तिला वाटलं. राग, लाज, भीती, काहीही. पण दाढ काढायच्या आधी डॉक्टर इंजेक्शन देतो आणि गाल आपला असून आपला राहत नाही, तसं आतून झालं होतं. ओट्याखाली एक कोंबडी माती उकरत होती, ती तिकडं बघत राहिली.

मग ती उठली, विहिरीवर गेली, बादली सोडली आणि स्वतः पाणी शेंदलं. वरून वाकून पाहिलं तर सगळ्याच विहिरींचं पाणी काळं दिसतं. बादलीत आलेलं पाणी चहासारखं होतं. दोन वर्षांपूर्वी होतं तसंच, किंवा थोडं फिकं. थोडं फिकं होतं की नव्हतं, हेही तिला ठरवता येईना. तिनं एक बाटली भरली.

“टँकर बंद झाल्यापासून हेच पिता?” तिनं विचारलं.

“हेच की. तुमी पास केलंय म्हनल्यावर.” कमलबाईंनी बाटलीचं झाकण घट्ट केलं. त्यांच्या बोटांच्या बेचक्यांत कातडी सोलून लाल झाली होती. नीरजा त्याकडं बघतेय हे त्यांच्या ध्यानात आलं तसे त्यांनी हात पदराआड घेतले. “उनाळ्याचं हाय ते. सगळ्यांनाच झालंय वस्तीवर.”

अकराला गाड्या आल्या. समितीत तिघं होते, आणि पुढच्या गाडीत आण्णासाहेब, पांढरेशुभ्र. नीरजानं त्यांना बाभळीखाली बाजूला घेतलं आणि सगळं सांगितलं. पाचेक वाक्यांत झालं. तिला वाटलं होतं, फार वेळ लागेल.

आण्णासाहेबांनी चष्मा पुसला. ते संतापले नाहीत. संतापानं कामं होत नाहीत हे त्यांना फार लवकर कळलेलं होतं. “कुणाकुणाला माहिती आहे?”

“मला. आता तुम्हाला.”

“मग झाकली मूठ सव्वा लाखाची, मॅडम. आज होऊन जाऊ द्या. नमुने काय, नंतर घेता येतात. खड्डा काही वाईट तर करत नाही ना कुणाचं?”

“टँकर बंद झालाय त्याच्यामुळं.”

“टँकर ही वेगळी बाब आहे,” आण्णासाहेब म्हणाले, आणि पाहुण्यांना हार घालायला निघाले.

सगळे चराच्या काठाशी उभे राहिले. वाळा चांगला वाढला होता, हिरवागार. समितीचे प्रमुख उंच, टक्कल असलेले, सौम्य गृहस्थ होते. त्यांनी वाळ्याचा फोटो काढला. मग म्हणाले, “हं, मॅडम, सांगा.”

नीरजानं दोन्ही बाटल्या पिशवीतून काढून मुरमावर शेजारी शेजारी ठेवल्या. एक नितळ, एक चहाच्या रंगाची. ती शूरपणानं बोलली असं कोणी समजू नये. खोटं बोलायला मनात जी थोडी ऊब लागते, तीसुद्धा तिच्याजवळ उरली नव्हती, म्हणून खरं निघालं. वर्गात हजेरी घ्यावी अशा आवाजात तिनं सांगितलं की हे पाणी एकाच विहिरीचं आहे, अहवालातल्या, चर झाल्यानंतरच्या सगळ्या बाटल्या या पहिलीसारख्या, तुरटी फिरवून गाळलेल्या होत्या, आणि त्या भरायची पद्धत मी तपासली नाही.

आण्णासाहेब आभाळाकडं बघू लागले.

“म्हणजे चराचा काहीच उपयोग होत नाही?” प्रमुखांनी विचारलं.

“माहीत नाही, सर.”

“थोडाफार?”

“माहीत नाही. मी ते मोजलंच नाही.”

प्रमुखांनी फाइलवर काहीतरी लिहिलं. “प्रामाणिकपणे सांगितलंत, चांगलं झालं. नव्यानं वर्षभराचे नमुने घ्या. तोवर बारा गावांचं थांबवू.”

“आणि टँकर?”

“तो आमच्याकडं येत नाही. पण तुमच्या अहवालावर बंद झालाय ना? मग नवा अहवाल आला की सुरू होईल.”

“वर्षानं?”

“नियमानं तसंच आहे,” ते म्हणाले, आणि त्यांना खरोखरच वाईट वाटत असावं, कारण त्यांनी नजर खाली घेतली. पंधरा मिनिटांत गाड्या धूळ उडवत गेल्या. आण्णासाहेबांनी काच खाली करून, “उद्या ऑफिसात या,” एवढंच सांगितलं.

कमलबाई मागंच उभ्या होत्या. पाहुण्यांसाठी चहाचं ताट घेऊन आल्या होत्या, ताट हातातच राहिलं होतं. त्यांनी सगळं ऐकलं होतं. शिकलेल्यांच्या बोलण्यातलं त्यांना कळत नाही असं सगळे धरून चालले होते, पण टँकर या शब्दाला काही शिक्षण लागत नाही.

“ताई, म्हंजी टँकर माझ्यापायी बंद झाला व्हय?”

“नाही मावशी. माझ्यापायी.”

“म्या गाळलं म्हनून.”

“मी बघितलं नाही म्हणून.”

कमलबाईंनी ताट चराच्या कडेला खाली ठेवलं. चहावर साय धरली होती. “सुमनच्या लेकराच्या अंगावर फोड उठलेत. बलभीमची आई म्हनत हुती, पानी मचूळ लागतंय. म्याच तिला गप केलं. म्हनलं, तुळजापूरनं कागद आलाय, तू काय शानी.” त्या हे कुणाला तरी हिशेब द्यावा तसं नाही, तर स्वतःशीच, एकेक करत बोलत होत्या. मग त्यांनी नीरजाकडं पाहिलं. नजरेत राग असता तर बरं झालं असतं.

“ताई, दोन वर्सं येत हुता तुमी. दर डावाला तुमची बाटली संगं. एकदा तरी आमच्या घरचं पानी मागायचं. तोंडात घेतलं असतं तर लगीच कळलं असतं. त्याला मशीन कशाला?”

त्या वाक्यानं मात्र नीरजाचं इंजेक्शन उतरलं. एकदम, गालासकट. दोन पानं खडकावर लिहिली होती तिनं. जिभेवर घोटभर घेतलं नव्हतं.

“द्या आता,” ती म्हणाली. तिचा हात आपोआप पुढं झाला, ओंजळीसारखा. “मावशी, आता द्या मला.”

कमलबाईंनी मान हलवली.

“आता कसं देऊ?” त्या म्हणाल्या. “आता ठावं झालंय की.”

“आणि तुम्ही?”

“आमाला काय. हायच की.”

त्यांनी ताट उचललं, गार चहा वाळ्याच्या बुडाशी ओतला आणि त्या घराकडं गेल्या. थोड्या वेळानं विहिरीवरच्या रहाटाचा आवाज यायला लागला. दुपारच्या स्वयंपाकाचं पाणी भरायचं राहिलं होतं.